पदराला पिन, टोपीऐवजी फेटा

प्रश्न : ताई, वीस वर्षं आमच्या शेजारी राहिलेल्या शीख कुटुंबातल्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात नांदेडला गुरुद्वाऱ्यात आहे. आम्ही सगळे जाणार. सासूबाई नऊवारी नेसतात, यांच्या डोक्यावर कायम पांढरी टोपी, आणि मुलीला जीन्स सोडवत नाही. कोणी काय घालायचं? त्यांना विचारलं तर म्हणतात, "तुम्ही नुसते या." पण आमच्यामुळे त्यांना चारचौघांत अवघडल्यासारखं व्हायला नको.
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : सासूबाईंची काळजी सोडा. डोक्यावरून पदर घेतला की त्यांची तयारी झाली. काळजी तुमच्या-माझ्यासारख्या पाचवारीवाल्यांनी करायची. नांदेडला मी पहिल्यांदा गेले तेव्हा हौसेनं रेशमी साडी नेसले होते. माथा टेकायला वाकले आणि पदर सर्रकन खांद्यावर आला. शेजारच्या वयस्कर बाईंनी काही न बोलता स्वतःच्या ओढणीची पिन काढून माझा पदर केसांना टोचून दिला. ती पिन अजून माझ्या डब्यात आहे. तुम्ही सुती साडी नेसा, पदर दोन्ही कानांवरून घ्या आणि पिना घरूनच लावून निघा.

डोकं झाकायचं ते गुरू ग्रंथसाहिबांसाठी. शीख मंडळी ग्रंथाला हयात गुरूच मानतात. म्हणून वर चांदवा, म्हणजे कापडी छत, शिवाय चवरी ढाळणं. त्याच ग्रंथात आपल्या पंढरपूरच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं तिथं परकेपणानं जायचं कारण नाही, पण गुरूंसमोर जातोय हे लक्षात ठेवून कपडे घालायचे.

टोपीचं मात्र ऐका. तिथं टोपी, कॅप चालवून घेत नाहीत; डोक्याला कापड बांधलेलं हवं. तुमच्या यजमानांना सरळ फेटा बांधा, लग्नच आहे, शोभून दिसेल. नाहीतर मोठा सुती रुमाल मागे गाठ मारून बांधायचा. दाराशी रुमाल ठेवलेले असतात, पण घरचा स्वच्छ धुतलेला बरा.

मुलीची जीन्स चालते, फक्त घट्ट आणि फाटकी नको. जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बसायचंय. वर लांब कुडता आणि मोठी ओढणी असली की झालं. बिनबाह्यांचं मी तरी टाळीन. रंगाचं बंधन नाही. चपला बाहेर काढून हातपाय धुवायचे, आणि बसल्यावर ग्रंथाकडे पाय पसरायचे नाहीत. गुडघे दुखत असतील तर सासूबाईंना मागे भिंतीशी, पाय एका बाजूला घेऊन बसवा.

आणि एक गोष्ट, जी कपड्यांहून मला महत्त्वाची वाटते. सासूबाईंच्या कनवटीला मिश्रीची डबी असेल, यजमानांच्या खिशात तंबाखूची पुडी असेल, तर ती मुक्कामाच्या खोलीतच राहू द्या. शीख धर्मात तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. डबी कोणाला दिसणार नाही, असं म्हणू नका. तुमच्या शेजाऱ्यांना मनापासून लागेल अशी चूक असलीच तर ती हीच.

कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, दोन्ही हातांची ओंजळ करून, बसूनच घ्या. गरम असतो आणि तुपानं थबथबलेला. हात पदराला पुसायचा मोह होतो, म्हणून पर्समध्ये एक जास्तीचा रुमाल टाका.