गोल लाइनवर उभा असतो त्याचाच निर्णय

तुम्ही विचारलंत की उन्हाळ्यात ओहायोत, कोलंबसला येताय, नाशिकला बारा वर्षं क्लब क्रिकेटची पंचगिरी केलीय, मुलगा आठवीत आहे. तर इथे हायस्कूल फुटबॉलची (अमेरिकन फुटबॉलची, हातात चेंडू घेऊन पळायचा तो) पंचगिरी मिळेल का, आणि चेंडू गोल लाइनच्या, म्हणजे गुणाच्या रेषेच्या, पार गेला हे नेमकं ठरवतं कोण? परवाना, फी, परीक्षा हे सगळं अधिकृत पानांवर आहे, ते परत लिहीत नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही, म्हणून आधी तोच घेतो.

हायस्कूलला साधारण पाच पंच असतात: रेफरी, अंपायर, लाइन्समन, लाइन जज आणि बॅक जज. गोल लाइन ही दोन कडांवरच्या दोघांची, म्हणजे लाइन्समन आणि लाइन जजची. खेळ गोल लाइनपासून पाच यार्डांच्या आतून सुरू होत असेल तर स्नॅप होताक्षणी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताच, दोघांनी थेट गोल लाइन गाठायची. पाच ते दहाच्या मधून असेल तर चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या आधी तिथे पोचायचं. बॅक जज मागे एंड लाइनवर, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेवर. अंपायर खेळाडूंच्या ढिगाच्या सगळ्यात जवळ असतो, तरी टचडाउनसाठी (चेंडू रेषेवर पोचल्याच्या खुणेसाठी) त्याने हात वर करायचे नाहीत, कारण तो रेषेला आडवा पाहत नसतो. समोरच्या कडेवरच्या सोबत्याने हात वर केले म्हणून आपणही करायचे नाहीत. ज्याने चेंडू पाहिला, त्यानेच करायचे.

तुमची क्रिकेटची नजर इथे सुरुवातीला फसवेल. रनआउटला बॅट रेषेवर असली तरी बाद, ती रेषेच्या आत टेकावी लागते. इथे रेषा हा एंड झोनचाच, म्हणजे रेषेपलीकडच्या गुणाच्या पट्ट्याचाच भाग. खेळाडूच्या ताब्यातल्या चेंडूचं टोक रेषेच्या अलीकडच्या कडेवर, हवेत का होईना, आलं की सहा गुण. फक्त त्याआधी गुडघा टेकलेला नसावा. म्हणून डोळ्यांनी चेंडू शोधायचा, माणूस नाही.

६ डिसेंबर १९९८ ला एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या जेट्स आणि सीहॉक्स संघांच्या सामन्यात हेच चुकलं. चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न), शेवटची काही सेकंदं, जेट्सचा व्हिनी टेस्टाव्हर्डी पाच यार्डांवरून घुसला आणि लाइन्समनने हात वर केले. रेषेपार गेलं होतं त्याचं हेल्मेट; चेंडू अलीकडेच राहिला होता. जेट्स ३२-३१ ने जिंकले. पुढच्या मोसमात एनएफएलने बंद केलेला रीप्ले, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणं, परत आणला.

आमच्याकडे शुक्रवारच्या रात्री, हायस्कूलच्या सामन्यांत, रीप्ले नसतो. चार वर्षांपूर्वी पावसात मी कडेचा पंच होतो; आठ यार्डांवरून स्नॅप झाला, मी चार यार्डांच्या आसपास अडकलो. ढिगातून ओलं, चकाकणारं हेल्मेट पांढऱ्या रेषेपलीकडे दिसलं आणि माझे हात वर गेले. ढीग उठला तेव्हा चेंडू त्या पोराच्या पोटाखाली होता, रेषेच्या वीतभर अलीकडे. सामना संपल्यावर हरलेल्या संघातला एक मुलगा हेल्मेट हातात घेऊन आला. "सर, तुम्हाला चेंडू खरंच दिसला?" मी हो म्हणालो. हे घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला प्रश्न. पंचाला सामन्यामागे पैसे मिळतात, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर ज्याने व्हिसा काढला त्याच्याशिवाय कुणाचंही पगारी काम चालत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतात जन्मलेल्यांना किती वर्षं लागतात ते तुम्हाला ठाऊकच असेल. म्हणून ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी आठ मोसम कडेला फुकट साखळी धरली, दहा यार्ड मोजायची. व्हिसा वाढवायला दर तीन वर्षांनी तेच कागद, तेच पगाराचे पुरावे, त्याच जुन्या पत्त्यांच्या याद्या. पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट अंगात चढला तेव्हा गुडघे गेले होते. त्या पावसाच्या रात्री रेषेवर पोचायला उशीर झाला त्याचं एक कारण तेही आहे.

मुलाच्या शाळेबद्दल एकच, पण नीट ऐका. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. मी मोठ्या अभिमानाने 'मराठी' लिहिलं. माझा मुलगा पुण्यात इंग्रजी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला. त्याला इथे वर्षभर इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. पालकांना तो वर्ग नाकारता येतो हे मला दोन वर्षांनी कळलं. शाळेत जाऊन पाहायला हवं होतं, मी ऑफिसातून ईमेल करत राहिलो. तो आता कॉलेजात आहे आणि मला इंग्रजीतच उत्तर देतो. तुम्ही फॉर्मवर खरंच लिहा, पण त्याच आठवड्यात शाळेत जाऊन बसा. चाचणी कुठली, निकाल काय, बाहेर पडायची अट काय, सगळं लेखी मागा.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. कामात राहा.

ऑगस्टअखेर मोसम सुरू होतो. पहिल्याच शुक्रवारी मुलाला घेऊन या. साखळीला तीन तरी माणसं लागतात आणि आमच्याकडे नेहमी एक कमी असतो.