मेंदू वाचवायला दोन-तीन औषधं एकत्र द्यावीत का?

तुमच्या वडिलांना लकव्याचा झटका आला, घोडबंदर रोडवरून पोहोचेपर्यंत गुठळी विरघळवण्याची वेळ टळली. आता मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी सिटिकोलिन-पिरासिटामची गोळी आणि एडाराव्होनचं इंजेक्शन चालू आहे. त्यात आणखी काही जोडावं का, असं तुम्ही विचारलंय. ठाण्यातल्या हॉस्पिटल फार्मसीत माझी बरीच वर्षं गेली, हाच प्रश्न काउंटरवर अनेक मुलामुलींनी विचारलाय.

कल्पना मुळात रास्त आहे. मेंदूला जाणारं रक्त थांबलं की पेशीतली ऊर्जा संपते, ग्लुटामेट (पेशींना उत्तेजित करणारं रसायन) वाढतं, कॅल्शियम आत घुसतं, पुढे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू), सूज आणि कित्येक दिवस चालणारी पेशींची मर. एक औषध यातली एखादीच पायरी अडवतं. उंदरांत अशी औषधं उत्तम चालली, पण तिथे ती लगेच मिळतात आणि बंद केलेली रक्तवाहिनी बहुधा ठरल्या वेळी उघडली जाते. माणसात तसं घडत नाही. सिटिकोलिनची मोठी चाचणी 2012 साली आली, 2298 रुग्ण, फायदा शून्य. मॅग्नेशियम तर ॲम्ब्युलन्समध्येच, दोन तासांच्या आत दिलं गेलं. 2015 चा तो निकालही निराशेचाच.

नेरिनेटाइड या पेशी वाचवू पाहणाऱ्या आणखी एका औषधाचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या. 2020 च्या चाचणीत गुठळी ओढून काढलेल्या रुग्णांना ते दिलं. एकूण फरक दिसला नाही. ज्यांना अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) दिलं नव्हतं त्यांच्यात मात्र सुधारणा दिसली. कारण अल्टेप्लेजमुळे रक्तात प्लाझ्मिन हे गुठळी तोडणारं एन्झाइम तयार होतं आणि ते नेरिनेटाइडचेच तुकडे करतं. पुढे अल्टेप्लेज न दिलेल्यांवर वेगळी चाचणी झाली, तिथेही ते टिकलं नाही. म्हणून ‘जोडीला अजून एक देऊ’ हे ऐकलं की मला काळजी वाटते.

जोडीची आशा आहे ती एडाराव्होन आणि डेक्सबोर्निओल यांच्याबाबत. चीनमधल्या 2021 च्या चाचणीत पहिल्या 48 तासांत सुरू केल्यावर 90 दिवसांनी फारसं अपंगत्व न उरलेले रुग्ण 67 टक्के, नुसत्या एडाराव्होनवर 59. तुमच्या चिठ्ठीत आहे ते नुसतं एडाराव्होन. वडिलांना मधुमेह आहे म्हणालात, तर डॉक्टरांना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) विचाराच. मूत्रपिंड अशक्त असेल तर हे इंजेक्शन जपून द्यावं लागतं.

पैसा आणि धावपळ मी दुसरीकडे लावेन. पुढचा झटका टाळणारी गोळी (गुठळीचा झटका असेल तर बहुधा ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल), रक्तदाब, साखर, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रोजची फिजिओथेरपी, यांतलं काही सुटू देऊ नका. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडं बोलणं आलं की 108 लावा आणि शेवटचे ठीक कधी दिसले होते ती वेळ लिहून घ्या. सीटी स्कॅन होण्याआधी ॲस्पिरिन तोंडात घालू नका, रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. गुठळी विरघळवायला साधारण साडेचार तास मिळतात. ओढून काढायची असेल तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत.