वायरलेस सेन्सर दहा मिनिटांतून एकदाच माहिती पाठवतो, तरी त्याची बॅटरी आठवड्यात का संपते?

संशय पाठवण्यावर नव्हे, ऐकण्यावर घ्यावा. सीसी२४२० ही २.४ गिगाहर्ट्‌झवरची जुनी रेडिओ चिप पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर प्रवाह घेते, तर नुसते ऐकताना १८.८, म्हणजे कोणी बोलो न बोलो, रिसीव्हर सतत चालू राहिला की एकसरीत जोडलेले २५०० मिलिअँपिअर-तासांचे दोन एए सेल साधारण साडेपाच दिवसांत रिकामे होतात.

म्हणून रेडिओ बहुतेक वेळ झोपवून ठेवावा. दर सेकंदाला केवळ १० मिलिसेकंद जागे होऊन वाहिनीवर हालचाल आहे का, एवढेच पाहिले, तर सरासरी प्रवाह ०.१९ मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि तेच सेल वर्षभराहून अधिक टिकू शकतात. मात्र हे फुकट मिळत नाही: झोपलेल्याला गाठण्यासाठी पाठवणाऱ्याला सेकंदभर लांब पूर्वसंकेत द्यावा लागतो. सेन्सरला अवचित आदेश द्यायचे नसतील, तर लोरावॅन या कमी विजेत लांबवर माहिती पाठवणाऱ्या बिनतारी जाळ्यातील ‘क्लास ए’ची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते, त्यात उपकरण स्वतः पाठवल्यानंतरच दोनदा थोडा वेळ ऐकते आणि पुन्हा झोपते.

एवढे करूनही बॅटरी उतरत असेल, तर बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर राखणारा भाग) आणि सतत पेटलेला एलईडी तपासावा.