सुअपवाहित, सुनिचरित की चांगल्या निचऱ्याची?

प्रश्न असा आला आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या किनारी मैदानात ‘नॉरफोक’ या नावाने नोंदलेली माती आहे. तिच्या शास्त्रीय वर्णनाचं मराठी करताना ‘वेल ड्रेन्ड’ला ‘सुअपवाहित’ म्हणावं की ‘सुनिचरित’? आणि वर्गीकरणात आलेल्या ‘टिपिक कँडियुडल्ट्स’चं काय करायचं? विचारणाऱ्यांनी सोबत आपला मसुदा पाठवला आहे, त्याची पहिली ओळ अशी: ‘किनारपट्टीवरील खारवट, कोरडी व सुअपवाहित मृदा.’

मातीला लावलेली चारही विशेषणं चुकली आहेत. ‘मृदा’बद्दल मी भांडत नाही, माती ‘मृत्तिके’तून आली, मृदा ‘मृद्’मधून, घर एकच.

आधी ‘अपवाह’. हा शब्द पाठ्यपुस्तकांतून आणि शासकीय पत्रकांतून इतका पसरला आहे की ऐकून ऐकून कान किटले. अपवाह म्हणजे वाहून दूर जाणं. पावसाचं पाणी जमिनीच्या पाठीवरून उताराकडे पळतं, त्याला खुशाल अपवाह म्हणा. पण मातीच्या वर्णनात पाठीवरून पळणारं पाणी, थरांमधून पाणी जाऊ देण्याची मातीची क्षमता आणि निचरा या तीन निरनिराळ्या नोंदी असतात. निचऱ्यालाच अपवाह म्हटलंत तर पहिल्या नोंदीला काय म्हणणार? परिभाषा करायला बसलेल्यांनी मराठी क्रियापदांकडे एकदा तरी बघायला हवं होतं. पाणी वाहतं, मुरतं, झिरपतं, पाझरतं, निचरतं, निथळतं. वरून आत शिरलं की मुरलं. आतल्या आत खाली उतरत गेलं की झिरपलं. दुसरीकडून बाहेर आलं की पाझरलं. नको असलेलं निघून गेलं आणि हवं तेवढं राहिलं की निचरलं. इतकी बारीक विभागणी आयती हाताशी असताना ‘सु’, ‘अप’ आणि ‘इत’ जोडून शब्द पाडायचं कारणच काय? ‘सुनिचरित’ तर अस्सल मराठी क्रियापदाला दोन्ही बाजूंनी संस्कृत ठिगळं लावून केलेला आहे. शेती करणारा प्रत्येक माणूस ‘चांगल्या निचऱ्याची जमीन’ म्हणतो. तेच लिहा.

आता ‘कोरडी’. निचऱ्याची म्हणजे वाळूची, वाळूची म्हणजे कोरडी, ही साखळी डोक्यातून काढून टाका. अमेरिकी पद्धतीत निचऱ्याच्या सात पायऱ्या आहेत आणि ‘वेल ड्रेन्ड’ ही त्यातली तिसरी. पाणी भराभर निघून जाणाऱ्या, अति निचऱ्याच्या दोन पायऱ्या तिच्या आधी येतात. तिसऱ्या पायरीची व्याख्या सांगते की पाणी सहज निघून जातं, पण वेगाने नाही. दमट प्रदेशात वाढीच्या हंगामाचा बहुतेक काळ पिकाला ओल मिळत राहते, आणि मुळं गुदमरतील इतका वेळ पाणी साचून राहत नाही. ही कोरडेपणाची व्याख्या नाही, बेताची आहे.

आणि ही पायरी ठरवतात कशी? पाऊस पडताना कुणी घड्याळ लावून बसत नाही. गिरमिट जमिनीत फिरवून खालची माती वर काढतात, ढेकूळ मोडतात, ओलं करून मन्सेल रंगपुस्तिकेच्या चौकोनांशी लावून बघतात. नॉरफोकमध्ये वर करडसर तपकिरी, वाळूचं प्रमाण जास्त असलेली माती निघते, आणि तिच्याखाली पिवळसर तपकिरी, चिकणमाती वाढलेला पोयटा (वाळू, बारीक गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण) खोलवर चालू राहतो. तो पिवळा रंग म्हणजे लोहाचा गंज. मातीत हवा खेळती असली की लोह गंजलेल्या रूपात कणांना चिकटून राहतं. पाणी साचलं की प्राणवायू संपतो, जिवाणू लोहाचं रूप पालटतात, ते पाण्यात विरघळून निघून जातं आणि मागे राखाडी डाग उरतात. हे डाग किती खोलीवर सुरू होतात त्यावर पायरी ठरते. त्याच मैदानात नॉरफोकपासून सखल जागेकडे चालत गेलं की गोल्ड्सबरो, मग लिंचबर्ग, मग रेन्स, मग पँटेगो अशा मात्या लागतात. मूळ गाळ साधारण तसाच, पण राखाडी रंग दर टप्प्याला वर सरकत येतो. पँटेगोत तर वरचा थर काळा होतो. निचरा हा शब्द इथे डोळ्यांना दिसतो, म्हणून तो धड हवा. (जाता जाता: या थरांना कुठे कुठे ‘क्षितिज’ म्हणतात. थर म्हणा. पायाखाली क्षितिज नसतं.)

‘किनारपट्टी’ही गेली पाहिजे. किनारी मैदान म्हणजे पुळण नव्हे. समुद्राची पातळी पूर्वी वर होती तेव्हा साचलेल्या गाळाचं हे मैदान आहे आणि ते समुद्रापासून दीडशे-दोनशे किलोमीटर आत, ‘फॉल लाइन’ या कठीण खडकाच्या सीमेपर्यंत जातं. नद्या तिथे खडकावरून मैदानात उतरतात. रिचमंड, कोलंबिया, ऑगस्टा, मेकन ही शहरं त्या सीमेवर वसली आहेत. नॉरफोक माती त्या समुद्री गाळातून झाली हे खरं. पण ‘समुद्री गाळ’ वाचलं की लगेच ‘खारवट’ लिहायचं हा मसुद्यातला सर्वांत मोठा घोटाळा आहे. ही माती आम्लधर्मी आहे, चांगलीच आम्लधर्मी. तिच्यात खार उरलेला नाही. लाखो वर्षांच्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे सगळे क्षार धुऊन नेले.

आणि इथे खरी गंमत आहे, तुमच्या प्रश्नापेक्षाही मोठी. ‘क्षार धुऊन नेले’ हे वाक्य मराठीत एका धातूच्या पोटातून सांगता येतं: ‘क्षर्’, म्हणजे झरणं, वाहून जाणं, कमी होत जाणं. त्याला ‘प्र’ लागून ‘प्रक्षर्’ झाला, पालीत ‘पग्घरति’, प्राकृतात ‘पज्झरइ’ आणि आपल्याकडे ‘पाझरणं’. उपसर्ग न लागता प्राकृतात ‘झरइ’ आणि मराठीत ‘झरणं’, ‘झरा’. झारी त्याच कुळातली. ‘निर्झर’ दिसतो संस्कृत, पण त्यातला ‘झ’ प्राकृतातून परत गेलेला आहे. आणि जे झरून जात नाही ते ‘अक्षर’. पतंजलीच्या महाभाष्यात ‘अक्षरं न क्षरं विद्यात्’ असं सरळ आलं आहे.

आता तो ‘झ’ बघा. संस्कृत ‘क्ष’चा मराठीत साधारणपणे ‘ख’ किंवा ‘स’/‘श’ होतो: क्षेत्राचं शेत, क्षीराची खीर, अक्षिचा ‘आख’ नाही तरी ‘आँख’ हिंदीत. मग ‘क्षर्’चा ‘झर’ कसा झाला? कारण या धातूतला जोडवर्ण मुळात घोष होता, म्हणजे ‘क’सारखा नव्हे तर ‘ग’, ‘झ’सारखा कंठातल्या नादासह उच्चारला जाणारा. अवेस्तात, म्हणजे प्राचीन इराणी धर्मग्रंथाच्या भाषेत, याच धातूचं रूप ‘ग्झर्’ असं घोष वर्णांचं आहे. संस्कृताने तो घोष घालवून इतर ‘क्ष’मध्ये मिसळून टाकला, बोलीभाषांनी जपला आणि प्राकृतातून तो आपल्यापर्यंत आला. म्हणजे ‘झरा’ या शब्दाने संस्कृत ‘क्षर’पेक्षाही जुना ध्वनी सांभाळून ठेवला आहे! ‘पाझर’ला ग्रामीण समजून ‘क्षरण’ लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जमिनीतून द्रव्यं झरून जाण्याच्या क्रियेला कुणी ‘निक्षालन’ म्हणतं, कुणी आणखी काही. क्रियेचं मूळ नाव आपल्या तोंडात असताना हे कोश धुंडाळणं मला पटत नाही.

आता ‘क्षार’कडे येतो, कारण इथे माझं कोशकारांशी जमत नाही. आधुनिक व्युत्पत्तिकार ‘क्षार’ला ‘क्षर्’चं लेकरू मानत नाहीत. ते त्याला ‘क्षै’ म्हणजे जळणं, करपणं या धातूकडे देतात, कारण क्षार झोंबतो, भाजतो. त्यांचा मुद्दा ध्वनीचा आहे: ‘क्षर्’पासून झाला असता तर प्राकृतात ‘झार’ दिसला असता, मराठीत तर ‘खार’ आहे. मुद्दा वजनदार आहे हे मान्य. पण सुश्रुताला विचारलंय का कुणी? सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्याने व्याख्याच दिली आहे: ‘तत्र क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः’. झरतो म्हणून क्षार, किंवा इजा करतो म्हणून. पहिला मान त्याने झरण्याला दिला. आणि लगेच कृती सांगितली: वनस्पतींची राख सहा पट पाण्यात किंवा मूत्रात कालवायची आणि एकवीस वेळा गाळायची. ज्याने क्षार हाताने गाळला त्याला हा शब्द गाळण्यातूनच आला असं वाटत होतं. ध्वनिनियम धातूचा जन्म सांगतील. शब्द वापरणाऱ्यांच्या मनात तो कोणत्या घरात राहत होता हे सुश्रुत सांगतो. आणि संस्कृतात शिकलेली माणसं ‘क्षर्’पासून ‘क्षार’ नव्याने घडवू शकत होती, त्यांना प्राकृताच्या वाटेने जायची गरज नव्हती. तो ‘क्षार’ मग इतर ‘क्ष’च्या जोडीने ‘खार’ झाला, यात मला काही अशक्य दिसत नाही. कोशात एका ओळीत ‘क्षै’ लिहून विषय मिटवणं मला मंजूर नाही.

राखेतून एकवीसदा पाणी गाळणं आणि मैदानातून लाखो वर्षं पावसाचं पाणी झरणं ही एकच क्रिया आहे. विद्राव्य ते पाण्याबरोबर जातं, न विरघळणारं मागे राहतं. फरक इतकाच की सुश्रुताला गाळलेलं पाणी हवं होतं आणि शेतकऱ्याच्या वाट्याला मागे राहिलेला चोथा येतो. निचरा चांगला असल्यामुळेच हे घडलं. खाली एखादा घट्ट थर झारीतल्या शुक्राचार्यासारखा अडून बसला असता तर पाणी उतरलं नसतं आणि क्षारही इतके गेले नसते. म्हणून ‘चांगल्या निचऱ्याची’ हे विशेषण वाचताना ‘कसदार’ असं मनात भाषांतर करू नका. या मातीला चुना आणि खत घालावं लागतं. ते घातलं की ती उत्तम पिकते, कारण नांगराला हलकी आणि मुळांना मोकळी आहे.

हेच तुमच्या ‘कँडियुडल्ट्स’मध्ये लिहिलेलं आहे. ही नावं उजवीकडून डावीकडे सोडवायची. शेवटचं ‘अल्ट’ लॅटिन ‘अल्टिमस’मधून आलं, म्हणजे शेवटचा: धुऊन-झरून शेवटाला पोचलेली माती, जिच्या खालच्या थरात कणांवरच्या क्षार धरणाऱ्या जागांपैकी कॅल्शियमसारख्या घटकांनी व्यापलेल्या जागा पस्तीस टक्क्यांहून कमी असतात. ‘उड’ म्हणजे ‘उडस’, दमट. अमेरिकी मृदावर्गीकरण गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली घडलं. त्याचा मसुदा १९६० मध्ये आला आणि पूर्ण ग्रंथ १९७५ मध्ये. नावं पाडण्यासाठी त्यांनी इलिनॉय विद्यापीठातले जॉन हेलर आणि घेंट विद्यापीठातले लेमान्स या अभिजात भाषांच्या जाणकारांची मदत घेतली. म्हणूनच ही अक्षरं अर्थ वाहतात आणि तोंडातही बसतात. आपल्याकडे परिभाषा समित्यांनी हे का केलं नाही हा प्रश्न मी इथे नोंदवून ठेवतो.

‘कँडी’ मात्र लॅटिन नाही, आणि तिला साखरेशी जोडणारं एक टिपण मी वाचलं आहे, ते साफ खोटं आहे. केओलिनाइट, नॅक्राइट आणि डिकाइट या खनिजांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ‘कँडाइट’ हे गटनाव झालं आणि त्यातून ‘कँडी’. यातल्या ‘केओलिन’चं मूळ चीनमधल्या जिंगदेझनजवळच्या गाओलिंग या जागेत आहे, तिथली पांढरी माती चिनी मातीच्या भांड्यांना लागायची. केओलिनाइटच्या जातीच्या चिकणमातीला क्षार धरून ठेवायची कुवत फार कमी असते. नॉरफोकचं नाव पूर्वी ‘टिपिक पॅलियुडल्ट्स’ होतं, म्हणजे नुसती जुनी माती. चिकणमातीच्या या कमकुवतपणाला वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली तेव्हा ‘पॅलि’ जाऊन ‘कँडी’ आली. माती होती तिथेच होती.

तेव्हा वर्गाचं नाव जसंच्या तसं देवनागरीत ठेवा, ‘टिपिक’सकट, त्याचं ‘प्रारूपिक अंत्य मृदा’ करू नका, ते नाव जगभर एकच राहावं म्हणूनच बनवलेलं आहे. आणि तुमची पहिली ओळ अशी लिहा: ‘किनारी मैदानातल्या जुन्या समुद्री गाळातून झालेली, खोल, चांगल्या निचऱ्याची, आम्लधर्मी माती.’ खाली ‘फाइन लोमी’ आलं असेल, तिथे ‘बारीक पोयट्याची’ चालेल, पण तळटीपेत अठरा ते पस्तीस टक्के चिकणमाती हे प्रमाण द्या. नाहीतर वाचक पोयटा म्हणजे नदीकाठचा गाळ समजेल, आणि मग त्या गैरसमजावर वेगळं लिहावं लागेल.