रोवण्यावरून परतल्यावर दिलेलं पाणी

प्रश्न : आमच्या बचत गटानं यंदा पहिल्यांदाच रोपवाटिका घेतली. जूनअखेर निंबोळ्या वेचून लगेच गादीवाफ्यांत टाकल्या, वर हिरवी जाळी बांधली. उगवण दाट आणि छान झाली. पण पंधरा दिवसांपासून रोपं बुडातून वाकून आडवी पडून राहिली. आज चार, उद्या ओंजळभर. वाफ्यात गोल गोल टकलं पडली आहेत. आम्ही साऱ्या जणी दिवसभर धानाच्या रोवण्यावर असतो, म्हणून पाणी संध्याकाळी न चुकता देतो. दुकानदार म्हणतो, युरिया द्या. द्यावा का? – एक वाचक भगिनी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, युरिया अजिबात देऊ नका. त्यानं रोप आणखी लुसलुशीत होईल, आणि या रोगाला लुसलुशीत बूडच हवं असतं.

आधी एक काम करा. टकलाच्या मधलं मेलेलं रोप नको, कडेचं, आत्ताच मान टाकलेलं रोप मातीसकट उचला आणि पाण्यात हलकेच धुवा. मातीला टेकतो तिथला भाग बघा. पाण्यात भिजवल्यासारखा, तपकिरी, दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसेल. मग मूळ दोन बोटांत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर मुळं कुजली आहेत. रातकिड्यानं कातरलेलं रोप असं नसतं, त्याचा काप स्वच्छ असतो आणि मूळ पांढरं. बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे म्हणजे तिचं बियाणंच समजा. तेवढी माती खुरप्यानं उचलून वाफ्यापासून लांब खड्ड्यात पुरा, बांधावर फेकू नका.

तुमच्या वर्णनावरून मला ही रोपं कोलमडण्याची मर वाटते. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशा मातीतल्या बुरश्या ती आणतात. त्यातली पिथियम तर पाण्याचीच सोबतीण. तिचे बीजाणू साचलेल्या ओलीत अक्षरशः पोहत एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात. म्हणूनच टक्कल गोल असतं आणि कडेनं वाढत जातं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली : पाणी संध्याकाळी न चुकता. तुमची अडचण मला कळते. रोवण्याचे दिवस, कंबर मोडून घरी आल्यावर झारी उचलायची, हे सोपं नाही. पण श्रावणातला पाऊस, वर जाळी, दाट रोपं आणि त्यात संध्याकाळचं पाणी, म्हणजे रात्रभर वाफा ओलाच. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. उद्यापासून संध्याकाळचं पाणी बंद. सकाळी रोवण्याला निघण्याआधी मातीत बोट खुपसून बघा. पहिल्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणीच नको. पावसाच्या दिवसांत बहुतेक सकाळी ओल लागेलच. वाफ्यांमधल्या नाल्या मोकळ्या करा. ढग असताना जाळी गुंडाळून ठेवा, कडुनिंबाला एवढी सावली लागत नाही. आणि विरळणी करा. जीवावर येईल, मला माहीत आहे. पण दोन रोपांत बोटभर वारा खेळला नाही तर सगळीच जातील.

हे झाल्यावर औषध. कॉपर ऑक्सिक्लोराइड 30 ग्रॅम, 10 लिटर पाण्यात, झारीनं टकलावर आणि त्याच्या भोवती हातभर निरोग्या रोपांतही, मुळापर्यंत ओल जाईल इतकं. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. आमच्या वेळी आम्ही मोरचूद-चुनाच वापरायचो. कोवळ्या रोपांना 50 ग्रॅम मोरचूद आणि 50 ग्रॅम कळीचा चुना 10 लिटरला पुरतो. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवायचे, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. मग घासलेला विळा त्यात बुडवायचा. पात्यावर तांब्याचा लाल थर चढला की समजायचं चुना कमी पडला, आणखी घालायचा. पातं जसंच्या तसं निघालं तर मिश्रण तयार. त्याच दिवशी संपवायचं, शिळं वापरायचं नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी खैराच्या चाळीस वाफ्यांपैकी अकरा मी घालवले होते. शेणखत अर्धकच्चं होतं, हात घातला तर गरम लागायचं. पेरणीची घाई होती, मी तेच मिसळायला लावलं. वनमजुरांतली एक म्हातारी बाई म्हणाली होती, "साहेब, हे खत अजून शिजून राहिलं." मी ऐकलं नाही. रोज सकाळी नवे चट्टे दिसायचे आणि ती माय काही न बोलता मेलेली रोपं वेचायची. तेव्हापासून खताचा वास घेतल्याशिवाय मी एकही वाफा भरू दिला नाही. चांगल्या खताला पावसाच्या मातीसारखा वास येतो.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच ठरवून ठेवा. मे महिन्यात वाफे भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीनं दाबा, पाच-सहा आठवडे. काळं नको, पारदर्शकच, म्हणजे ऊन आत शिरून माती तापते. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. 100 किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळून, सावलीत पोत्याखाली दोन आठवडे ठेवा आणि मग ते वाफ्यात घाला. तुमच्या सिंदेवाहीलाच कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पाकिटावरची तारीख बघून घ्या, ही जिवंत बुरशी आहे. म्हणूनच आत्ता कॉपर दिलेल्या वाफ्यात ती लगेच टाकू नका, दोन आठवडे जाऊ द्या. निंबोळीचा गर राखेत चोळून, धुऊन, सावलीत सुकवूनच पेरा. गर राहिला की बुरशी बीपासूनच बसते. पेरणी ओळीत, दोन ओळींत 15 सेंमी.

आणखी एक बघा. वाचलेल्या रोपांची पानं एकमेकांना चिकटून कोळ्याच्या जाळ्यात सापडल्यासारखी दिसली, तर रायझोक्टोनिया वर चढली आहे. ती पानं लगेच तोडून पुरा. रोपाचं बूड एकदा लाकडासारखं टणक झालं की कोलमडायची भीती जाते. म्हणजे अजून तीनेक आठवडे सांभाळायचे आहेत.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात सागाच्या रोपांच्या पानांखाली नारिंगी भुकटी आली आणि पानं लवकर गळली. रोपं फेकावीत का? – एक शेतकरी, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, फेकू नका. तो सागाचा तांबेरा, ऑलिव्हिया टेक्टोनी नावाची बुरशी. बोटाला हळद लागावी तशी भुकटी लागते. यानं साग सहसा मरत नाही, पण पानं आधीच गळाल्यानं जडी, म्हणजे लावणीसाठी छाटून घेतात तो मूळ-खोडाचा खुंट, बारीक राहते. पाऊस सरल्यावर दर आठवड्याला पानं उलटून बघत जा. पहिला ठिपका दिसला की पाण्यात मिसळणारं गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा, सकाळी, ऊन तापण्याआधी. गळलेली पानं वाफ्यात कुजू देऊ नका. यंदा वाफे थोडे विरळ ठेवा आणि मागच्या वर्षीची बारीक रोपं आणखी एक पावसाळा तिथेच वाढू द्या. अंगठ्याएवढी जाड झाली की त्यांची जडी करता येईल.