पाहुण्यांना शाळा दाखवताना

मालवणच्या शाळेची मुलं येणार म्हणून तू भाषण लिहायला घेतलंयस, ते आधी बाजूला ठेव. शाळा चौथीच्या पोरांनी दाखवायची, तू मागे राहा. त्यांना परसबागेचं अन् कबड्डीच्या मैदानाचं जेवढं सांगता येतं, तेवढं तुला-मला नाही येणार, बघ.

एक गोष्ट मात्र तूच सांग, तीही सावकाश. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर, म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळात रुपया म्हणजे किती, ते मुलांना विचारूनच उलगड. आपल्या शाळेची ओळख इथून सुरू होते, इमारतीच्या रंगापासून नव्हे.

गावात फार फिरवू नकोस. अंबाबाईचं दर्शन सकाळी लवकर उरक. खासबागच्या कुस्ती मैदानात मात्र निवांत बसव. समुद्राकाठच्या पोरांना लाटांचं कौतुक नसणार, पण तालमीतली तांबडी माती हातात घेऊ दे. संध्याकाळी रंकाळा. तिथं त्यांनाच त्यांच्या किनाऱ्याबद्दल, रापणीबद्दल (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी), सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल बोलतं कर. आपली पोरं कान देऊन ऐकतील.

जेवणात तांबडा रस्सा जपून वाढ, पांढरा भरपूर ठेव.