अंधारात पळायला हेडलॅम्प घ्यायचाय, किती लुमेनचा घेऊ?

तुम्ही विचारलंय की पहाटे साडेचारला पळायला निघता, रस्त्याला दिवे नाहीत, बजेट दोन हजारांचं आहे आणि दुकानदार म्हणतोय हजार लुमेनच्या खाली बघूच नका, तर खरंच एवढा उजेड लागतो का.

नाही लागत. संपलं उत्तर. पुढचं मी तुमच्यासाठी कमी आणि आमच्या भाऊजींसाठी जास्त लिहितेय, घाई असेल तर इथूनच मागे फिरा.

मी साताऱ्याची. वय ४६, बँकेत नोकरी, गेली सात वर्षं पळते, वेग सांगण्यासारखा नाही. सप्टेंबरात आमच्याकडे हिल मॅरेथॉन असते, तिची सगळी तयारी जून-जुलै-ऑगस्टात करावी लागते आणि ती करायची जागा म्हणजे यवतेश्वरचा घाट. समर्थ मंदिर मागे टाकलं की चढ सुरू. कासची फुलं बघायला येणारे लोक हा घाट गाडीच्या काचेतून बघतात, त्यांना तो छान वाटतो. पहाटे पाच वाजता पावसात पायी चढून बघा. एका बाजूला डोंगर, त्यातून कधी चार दगड खाली आलेले असतात, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि मधे धुकं असं की स्वतःचा हात लांब केला तर मनगटापुढचं दुसऱ्या कुणाचं असावं असं वाटतं.

तर तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमधे धाकटे दीर आमच्याकडे चार दिवस राहायला आले होते. माणूस चांगला आहे, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे, एमआयडीसीत नोकरी आहे, आणि त्यामुळे घरातल्या बल्बपासून मिक्सरपर्यंत सगळ्यावर शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी नुकताच ऑनलाइन हेडलॅम्प मागवला होता, खोक्यावर १२०० लुमेन, कपाळावर भलामोठा दिवा, डोक्यामागे बॅटरीचा डबा आणि दोन्हीच्या मधे टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर. शनिवारी रात्री गच्चीवर डेमो झाला. समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर झोत मारून म्हणाले, बघा वहिनी, टाकीवरची अक्षरं वाचता येतायत. मी म्हटलं, टाकी वाचायला पळायचंय का आपल्याला. मग त्यांनी माझा दिवा हातात घेतला, दोनशे-अडीचशे लुमेनचा असेल, तळहातात मावतो, आणि हसून म्हणाले, "हे काय, निरांजन आहे हे."

तो शब्द घरात सगळ्यांना फार आवडला. आजही माझ्या दिव्याला घरात निरांजनच म्हणतात.

रविवारी पाचला निघालो. पहिली दोन-तीन वळणं मजेत, खाली सातारचे दिवे दिसत होते, भाऊजींचा झोत पुढच्या वळणापर्यंत जात होता आणि दर शंभर पावलांवर "बघा" चालू होतं. मग धुकं उतरलं. एकदम नाही उतरत ते, आधी झोताच्या आत बारीक बारीक कण तरंगायला लागतात, पिठाच्या गिरणीत उन्हाची तिरीप आल्यासारखे, मग ते कण दाट होतात आणि मग समोर चुना फासलेली भिंत. भाऊजींना वाटलं उजेड कमी पडतोय, त्यांनी बटण दाबून फुल केला. भिंत आणखी पांढरी. मग चष्मा पुसला. मग परत पुसला. मग थांबले.

माझंही कपाळावरचं निरांजन त्या वेळी काही दिवे लावत नव्हतं, हे कबूल. पण मी त्या घाटात तीन पावसाळे काढलेले. मी दिवा डोक्यावरून काढला, पाऊचच्या बेल्टला त्याचा पट्टा दोन वेढे देऊन अडकवला (नुसता पट्टा कमरेला पुरत नाही, माझ्या तर नाहीच), तोंड जरा खाली केलं आणि उजेड वाढवायच्या ऐवजी एक पायरी कमी केला. आणि रस्ता आला. कडेचा पांढरा पट्टा दिसला, डांबरातली खडी दिसली, आणि पाच-सहा पावलांवर नारळाएवढा एक दगड पडला होता त्याच्यामागे त्याची लांब सावली पडलेली. भाऊजी त्या दगडाकडेच निघाले होते.

ते म्हणाले, नशीब. मी म्हटलं, "भाऊजी, गाडीला फॉग लॅम्प खाली बंपरला का लावतात हो? टपावर का नाही लावत?"

उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

कारण साधं आहे, आणि डिप्लोमावाल्याला माहीत असायला हवं. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी शेजारी असतो. धुक्याच्या थेंबांवर आपटून उजेड मागे फिरतो तो सरळ डोळ्यांतच, दिवा जितका जोरदार तितका जास्त. दिवा खाली नेला की नजरेच्या रेषेतलं धुकं तेवढं उजळत नाही. आणि दुसरं म्हणजे डोळ्याजवळच्या दिव्याने वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते, खड्डा आणि ओला डाग सारखेच दिसतात. कमरेवरून उजेड तिरका जातो, सावल्या पडतात, उंचसखल कळतं. घाट उतरताना मला उजेडापेक्षा सावलीचा जास्त उपयोग होतो, हे वाक्य घरी बोलले तेव्हाही हसले होते सगळे.

बरं, पुढे ऐका. आणखी वीसेक मिनिटांनी त्यांचा १२०० लुमेन आपोआप मंद झाला. भाऊजी म्हणाले डिफेक्टिव्ह पीस आला. डिफेक्टिव्ह नव्हता, असाच असतो. एवढ्याशा डब्यात एवढा उजेड केला की तो तापतो, तापला की स्वतःला कमी करतो, नाहीतर बॅटरी तासाभरात आडवी होईल. खोक्यावर "१२०० लुमेन" आणि "८ तास" शेजारी शेजारी छापलेलं असतं, पण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल-१ नावाच्या अमेरिकन पद्धतीने मोजतात, त्यातसुद्धा 'किती तास चालतो' म्हणजे सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्के उरेपर्यंतचा वेळ. दहा टक्के! आणि 'किती लांब जातो' म्हणजे पाव लक्स उरेपर्यंत, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. हे चांगल्या कंपन्यांचं झालं, बाकीचे तर मनाला येईल तो आकडा छापतात. शिवाय दुप्पट लांबचं तेवढंच स्पष्ट दिसायला उजेड चौपट लागतो, म्हणून दोनशेचे चारशे केले तर डोळ्याला फार काही फरक कळत नाही, खिशाला कळतो.

परतताना भाऊजी माझ्या बुटांच्या टाचांवर नजर ठेवून मागे मागे आले. खालून दुधाची मोटरसायकल वर आली तेव्हा त्यांनी आवाजाकडे मान वळवली आणि अख्खा झोत त्या बिचाऱ्याच्या तोंडावर. "ओ पावणं, लाइट खाली करा की!" असं तो ओरडला, त्यापुढचं इथे लिहीत नाही.

आणि घरी आल्यावर पोह्यांची बशी हातात घेऊन, सासूबाईंसमोर, काय सांगितलं असेल? "वहिनी धुक्याला जरा बिचकल्या, म्हणून मीही हळूच घेतलं."

मी तेव्हा काही बोलले नाही, पोह्यांवर खोबरं घालत होते. पण तेव्हापासून दर गणपतीत आणि दर दिवाळीत हा किस्सा याच शब्दांत सांगितला जातो, आणि जाऊबाईंच्या माहेरपर्यंत पोचलाय. भाऊजी या साइटवर रोज असतात. वाचू देत.

आता तुमचं. रस्त्यावर माझ्यासारख्या सावकाश वेगाने पळणार असाल तर दीडशे ते दोनशे लुमेन, पण ते तासभर तेवढेच टिकणारे, बास. डोंगरातल्या पायवाटेवर उतार पळत उतरणार असाल तर तीनशे-चारशे. त्याच्या वर पैसे घालायचे असतील तर बुटांत घाला. लुमेनच्या आधी वजन बघा, कपाळावर शंभर ग्रॅमच्या पुढे गेलं की पावलागणिक दिवा मान डोलावतो आणि समोरचा रस्ताही डोलतो. घेताना दुकानात डोक्याला लावून तिथल्या तिथे उड्या मारा, लाजू नका. त्याचं वर-खाली करायचं बिजागर टकटक करत अडकणारं असावं, गुळगुळीत फिरणारं असेल तर दोन महिन्यांत सैल होऊन दिवा तुमच्या नाकाकडे बघायला लागतो. बटण ओल्या बोटाने सापडतंय का बघा. मागे बॅटरीचा डबा असलेला बायकांनी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, वेणी, अंबाडा, क्लिप, सगळं त्या डब्याला आडवं येतं, हे बनवणाऱ्यांच्या घरात केस असलेलं कुणी नसावं. पावसासाठी आयपीएक्स-४ पुरतं, म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसतो. लाल दिव्याचा मोड पळायला शून्य कामाचा, शर्यतीआधी अंधारात शर्टाला बिब नंबरच्या, म्हणजे छातीवरच्या धावपटू क्रमांकाच्या, पिना लावताना बाकीच्यांचे डोळे दिपू नयेत एवढाच. आणि पट्टा धुता येतो का बघा, माझा पट्टा एकदा सासूबाईंनी चिमट्यात धरून बाहेर टाकला होता.

चार्जिंगचा की सेलचा, हेही विचारलंय तुम्ही. चार्जिंगचाच घ्या, पण लॉक असलेला. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भाऊजी खाली कॉमेंटमधे सांगतील. गेल्या डिसेंबरात बॅगेत माझ्या दिव्याचं बटण पाण्याच्या बाटलीखाली दाबलं गेलं आणि रात्रभर तो बॅगेत जळत राहिला. पहाटे घाटात पहिल्याच वळणावर तीनदा लुकलुकला आणि गेला. हातात मोबाइलचा टॉर्च धरून खाली आले, एक हात अडकलेला, उजेड हाताबरोबर मागेपुढे झुलतोय, आणि समर्थ मंदिराच्या अलीकडे एका साध्या स्पीडब्रेकरला अडखळून गुडघा फोडून घेतला. स्पीडब्रेकरला. तेव्हापासून लॉक केल्याशिवाय दिवा बॅगेत टाकत नाही आणि एक छोटा सेलवाला पाऊचमधे असतोच. काही मॉडेलना चार्जिंगची बॅटरी काढून साधे ट्रिपल-ए सेल घालता येतात, बजेटमधे मिळाला तर तसा घ्या.

आता एक-दोन गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. कमरेला दिवा हे धुक्यासाठी आणि पावसासाठी. थंडीतही, कारण डिसेंबरात आपलाच श्वास समोर पांढरा होऊन दर पावलाला डोळ्यांपुढे येतो. पण स्वच्छ रात्री दिवा कपाळावरच ठेवा. कमरेचा दिवा नजरेबरोबर वळत नाही, तीव्र वळणावर तुम्ही डावीकडे बघताय आणि तो कठडा दाखवतोय असं होतं. आणि जनावराचे डोळे चमकतात ते दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला तरच नीट दिसतात. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरची कुत्री मला आधी हिरव्या ठिपक्यांच्या जोड्या म्हणून दिसतात, मग कुत्री म्हणून, आणि त्या मधल्या वेळात मी पळायचं सोडून चालायला लागते. पाऊस थांबलेल्या रात्री घाटातल्या गवतात दवासारखे बारीक ठिपके चमकतात, जवळ जाऊन बघितलं तर कोळी, प्रत्येक ठिपका म्हणजे एक कोळी तुमच्याकडे बघतोय. दिवा कमरेला नेला की सगळे गायब. असतात तिथेच.

आणि पुढच्या दिव्याआधी पाठीला लावायचा लाल लुकलुकता दिवा आणि चमकणारं जॅकेट घ्या, त्याला पाचशेच्या आत पैसे लागतात. तुम्हाला दगड दिसणं ठीकच, पण मागून येणाऱ्या टेम्पोला तुम्ही दिसणं जास्त महत्त्वाचं. पळा उजव्या बाजूने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, आणि गाडी आली की मान खाली.

भाऊजींचा १२०० लुमेन त्या ऑगस्टपासून आमच्याकडेच आहे, "राहू दे वहिनी, तुम्हाला घाटात लागेल" म्हणून ठेवून गेले. मीटरच्या खिळ्याला अडकवलाय. लाइट गेली की सासूबाई तो घेऊन देवघरात बसतात, सगळ्यात कमी उजेडाच्या मोडवर, कारण त्याच्या वरच्या मोडवर त्यांना पोथीचं पान नुसतं पांढरं दिसतं.